आरोग्यमंत्री साहेब, त्या कागदावर मी सही करणार नाही

मा. आरोग्यमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्गातल्या एका उपकेंद्रावर आरोग्य सेविका आहे, 2001 पासून, म्हणजे जुन्या पेन्शनवाली. गेल्या जुलैत लसीकरणासाठी वरच्या वाडीत जाताना चिऱ्याच्या पायरीवर शेवाळात पाय सरकला, लसीचा डबा खांद्याला होता तो सोडला नाही आणि गुडघ्यावरच आपटले. ऑपरेशन झालं पण पाय पूर्ण वाकत नाही, सपाटीला चालते, घाटी चढवत नाही. अपंगत्वाचा दाखला सरकारी बोर्डाचाच आहे.

तेव्हापासून ऑफिसातल्या वरिष्ठांचं एकच चाललंय, राजीनामा द्या. आधी गोडीत, "ताई, किती दिवस ओढणार", मग रजेचे अर्ज अडकले, दोन महिने पगार निघाला नाही आणि परवा तर टाइप केलेला कागदच पुढे सरकवला. "वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने", खाली माझं नाव, फक्त सही आणि तारीख बाकी. पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवलेलं. मी पाणी मागितलं, प्यायले आणि उठून आले.

सही का नाही केली ते सांगते, कारण घाबरून करून टाकणाऱ्या बऱ्याच जणी असतील. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती एक नाही हो. 1982 च्या पेन्शन नियमांतला नियम 46 बघा, राजीनामा दिला की मागची सगळी सेवा बाद, पेन्शन गेली. 20 वर्षं झालेल्यांना नियम 66 खाली पेन्शनसकट स्वेच्छानिवृत्ती मिळते, हे मला तिथल्या एकानेही सांगितलं नाही. आणि मला तीही नकोय, कारण 2016 च्या दिव्यांग कायद्यात कलम 20 चं चौथं पोटकलम आहे, नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, झेपेल अशा पदावर त्याच पगारात घ्यायचं, तसं पदच नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे खास जादा तयार केलेल्या पदावर ठेवायचं.

लावणीच्या दिवसांत लेप्टो तापाच्या गोळ्या मी मेरेवर उभी राहून दिल्यात साहेब, बायकांचे हात चिखलात, म्हणून एकेकीच्या तोंडात घालून वर पाणी पाजलंय. कामाला मी कधी नाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. लसीचा स्टॉक, फ्रीजचं तापमान, ऑनलाइन नोंदी ही कामं बसून होतात आणि आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यासाठी वेगळा माणूसच नाही.

मला तिथे घ्या, तसा लेखी आदेश काढा आणि अडकलेला पगार सोडा. अर्ज आवक नंबरसकट दिलेला आहे. येत्या सोमवारी मला परत त्याच टेबलासमोर बोलावलंय, त्याआधी काहीतरी करा.

आपली,
एक आरोग्य सेविका, सिंधुदुर्ग