मखर होतं, पण विचारलं कुणी नव्हतं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेले काही रविवार आपल्या वाचकपत्रांत एकच सूर लागतो आहे. आमच्या काळी स्त्री-पुरुषांच्या संबंधांना मर्यादा होती, आताच्या पोरांनी लाज सोडली. मी 72 वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यात 36 वर्षं आरोग्यसेविका होते, गावच्या भाषेत नर्सबाई. तेव्हा मर्यादेबद्दल चार शब्द मीही लिहिते.

माझ्या आजीला न्हाण आलं तेव्हा तिला मखरात बसवलं होतं. केळीचे खुंट, हिरवं लुगडं, ओटीला नारळ, बायकांची गाणी. मग मुहूर्त काढून फलशोभन, म्हणजे नवरा-बायकोची पहिली रात्र. कोणत्या रात्री काय होणार, हे अख्ख्या आळीला माहीत. माहीत नव्हतं ते फक्त आजीला, वय वर्षं तेरा. हे ती आम्हाला भाकरी थापताना सांगायची, आणि सांगताना हसायची. त्या हसण्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा लागला. पुढे आमच्या शिकल्यासवरल्या घरातून मखर गेलं, उरला तो फक्त कावळा. आईने मला एवढंच सांगितलं, "शिवू नकोस." म्हणजे एका पिढीत वाजतगाजत, दुसऱ्या पिढीत दाराआड. पत्रलेखकांना यातली कोणती मर्यादा परत हवी आहे?

मी नोकरीला लागले तेव्हा भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता. निरोधची पाकिटं पिशवीत लोहाच्या गोळ्यांखाली ठेवून मी वाड्यावस्त्या फिरायचे. पुरुष समोर यायचे नाहीत. बायकाच पदराआड नेत, आणि पुढच्या खेपेला पोरं अंगणात त्याचे फुगे उडवताना दिसत. (कर्मचाऱ्यांच्या बैठकीत आम्ही यावर हसायचो, अहवालात मात्र 'वाटप पूर्ण'.) र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं हेच काम मुंबईत 1921 साली सुरू केलं आणि त्यापायी प्राध्यापकी गमावली. पन्नासेक वर्षांनी मी त्याचाच सरकारी पगार घेत होते.

त्या बायका बोलत नसत असं कुणी समजू नये. बोलणं कंबरदुखीपासून सुरू व्हायचं. मग "अंगावरनं जातंय," मग इकडेतिकडे बघून, "तांबी बसवा, पण मालकांना कळू देऊ नका." एक बाळंतीण अजून डोळ्यांसमोर आहे. तिसरी खेप, विसावा दिवस. म्हणाली, "बाई, सवा महिना तरी भरू द्या, असं तुम्हीच सांगा की. माझं ऐकत न्हाईत." मी केसपेपरवर लिहिलं : तीन महिने पूर्ण विश्रांती, डॉक्टरांचा सल्ला. डॉक्टरांनी असा कोणताही सल्ला दिला नव्हता. ती माझी फसवणूक आज कबूल करते.

आता काही जणांना वाटेल, हे फार जुनं झालं. रखमाबाईंनी 1885 मध्ये बालविवाहाविरुद्ध इंग्रजी दैनिकाला पत्रं लिहिली ती नाव न देता, 'एक हिंदू स्त्री' म्हणून. न कळत्या वयात लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद, असा हुकूम 1887 मध्ये झाला तेव्हा त्या म्हणाल्या, कैद चालेल. आणि 1891 मध्ये मुलीचं शरीरसंबंधाचं संमतीवय दहाचं बारा करायचं म्हटल्यावर 'केसरी'ने केवढा विरोध केला होता! बारा हो, फक्त बारा. आजच्या कायद्यातही अठरा वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीला बलात्कार म्हणत नाहीत. ते विसाव्या दिवसाचं घर आजही कायद्याबाहेरच आहे.

माझी नात पुण्यात शिकते. दिवाळीत आली होती. करंज्या भरता भरता तिने तिच्या मित्राबद्दल सांगितलं. म्हणाली, "तो आधी विचारतो गं, आजी. मी नको म्हटलं तर रुसत नाही." माझ्या लेकीने झाऱ्या जरा जोरातच आपटला. लग्नाआधीचं हे सगळं मलाही पचत नाही, खोटं कशाला बोलू? पण मी 36 वर्षं ज्या बायकांना खोटे सल्ले लिहून दिले, त्यांच्यातल्या एकीच्याही तोंडून 'तो विचारतो' हे दोन शब्द मी ऐकले नव्हते.

मग नातीने मलाच विचारलं, "तू आबांना कधी नको म्हणालीस?"

मी म्हटलं, "असं म्हणता येतं, हेच माहीत नव्हतं."

हे पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होते. पान उलटायचा आवाज थांबला. त्याला आता दोन महिने झाले, विषय दोघांनीही काढलेला नाही. हे पत्र टपालात टाकायला मी त्यांच्याच हाती देणार आहे, पाकीट न चिकटवता.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. सातारा
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये.)