चिऊ, रिकाम्या खुर्च्यांबद्दल

चिऊ बाळा,

रविवारी फोन ठेवल्यापासून तुझा आवाज कानातून जात नाहीये. तुझ्या ग्रुपमधले ते चौघे सिनियर रिहर्सलला आलेच नाहीत, तू स्टँड लावलेस, नोटेशनच्या कॉप्या प्रत्येक खुर्चीवर ठेवल्यास, पाऊण तास वाट बघितलीस आणि मग एकटीनेच सगळं आवरलंस, हे ऐकून मला काय बोलावं ते सुचलंच नाही, म्हणून नुसतं "जेवलीस का" विचारलं. आता लिहिते.

तुझ्या रूममध्ये त्या जपानी कंडक्टरचा, सेइजी ओझावाचा, तो केस पिंजारलेला फोटो आहे ना, त्याचं १९६२ सालचं तुला माहितीये का? तेव्हा तो २७ वर्षांचा. न्यूयॉर्कला बर्नस्टाइन या मोठ्या कंडक्टरचा असिस्टंट राहून आलेला, आणि घरी टोकियोत एनएचके सिम्फनीसारखा, म्हणजे जपानी रेडिओ-टीव्हीचा, मोठा ऑर्केस्ट्रा हाताखाली मिळालेला. आणि वादकांनी ठरवलं की याच्यासोबत वाजवायचं नाही. जपानमध्ये वर्षअखेरीला बीथोवनची नववी सिम्फनी म्हणजे आपल्याकडे दिवाळी पहाट असते तसं, आणि नेमका तोच कार्यक्रम रद्द झाला. तरी हा ठरलेल्या दिवशी हॉलवर गेला. सगळ्या खुर्च्या रिकाम्या आणि त्यांच्यापुढे हा एकटा, असे फोटो पेपरात आले.

सगळी चूक वादकांचीच असं मी नाही म्हणणार हं. ते वयाने मोठे, जर्मन शिस्तीत तयार झालेले, हा अमेरिकेतून आलेला मोकळाढाकळा पोरगा, आणि परदेश दौऱ्यात त्याच्या हातून स्टेजवर चूकही झाली होती. पण चूक झाली तर तोंडावर सांगावं, असं एकटं पाडू नये. मिशिमा, ओए, ताकेमित्सु असे लेखक-संगीतकार त्याच्या बाजूने उभे राहिले, जानेवारी १९६३ मध्ये दुसऱ्या ऑर्केस्ट्राबरोबर त्याचा कार्यक्रम झाला, आणि मग तो परत बाहेर गेला.

हा माणूस काही चांदीचा चमचा घेऊन आलेला नव्हता. जन्म १९३५ चा, चीनमधल्या मांचुरियातला, तेव्हा ते जपानच्या ताब्यात होतं. जपानला परत आल्यावर घरात पियानोच नव्हता, नातेवाइकांकडे योकोहामाला एक जुना मिळाला, तर तो आणायला मोठ्या भावांनी हातगाडी नेली आणि तीन दिवस ओढत ताचिकावापर्यंत आणला. मला ते भाऊ फार आवडतात. रस्त्यात खड्डा आला की एकाने पुढून ओढायचं, एकाने मागून धरायचं, आणि आतल्या तारा झणझणत असणार, असं मला उगाच दिसत राहतं. आणि एवढं करून आणलेला पियानो, तर याने रग्बी खेळताना दोन बोटं मोडून घेतली! त्याच्या आईला काय वाटलं असेल त्या दिवशी.

पियानो सुटला तेव्हा पियानोच्या सरांनी कंडक्टिंग सुचवलं आणि तो ते शिकायला हिदेओ साइतोंकडे गेला. साइतो सर म्हणजे भयंकर कडक. फीऐवजी त्यांच्या अंगणातलं गवत कापायचं, म्हणजे आपल्याकडचं गुरुगृहीच की. त्यांनी हाताची प्रत्येक हालचाल सुटी करून तिला नाव दिलेलं, एकीचं नाव तताकी, म्हणजे ठोका, हात सैल सोडायचा, चेंडू आपटून वर येतो तसा वर येऊ द्यायचा. हेच पुन्हा पुन्हा. आमच्या गुरुजींनी मला सहा महिने नुसता सा लावायला लावला होता, ते आठवलं. तेव्हा मी रडायचे, आज पेटी उघडली की तोच सा सोबत असतो.

१९५९ मध्ये मालवाहू बोटीतून तो फ्रान्सला गेला, सोबत गिटार आणि एका जपानी कंपनीने दिलेली स्कूटर, तिच्या अटींमधली एक अशी की आपण जपानचे आहोत हे दिसेल असं फिरायचं. मार्सेलहून पॅरिसला त्या स्कूटरवर गेला आणि त्याच वर्षी बेझाँसोंची कंडक्टर्सची स्पर्धा जिंकला. पुढचं तुला पाठ आहे, टोरोंटो, सॅन फ्रान्सिस्को, मग बॉस्टनला २९ वर्षं, मग व्हिएन्नाचा ऑपेरा.

पण मला बॉस्टनपेक्षा १९८४ मोठं वाटतं. साइतो सर जाऊन दहा वर्षं झाली तेव्हा जगभर विखुरलेले त्यांचे विद्यार्थी एकत्र आले आणि त्यातून साइतो किनेन ऑर्केस्ट्रा, म्हणजे साइतोंच्या स्मरणार्थ, उभा राहिला. १९९२ पासून जपानमधल्या मात्सुमोतोला उन्हाळ्यात त्यांचा महोत्सव. आणि एनएचकेबरोबर? १९९५ च्या जानेवारीत तो पुन्हा त्यांच्यासमोर उभा राहिला, ३२ वर्षांनी! मधल्या काळात किती वादक रिटायर झाले असतील, किती गेले असतील. आपल्याकडे भाऊबंदकीत लोक एवढ्या वर्षांत एकमेकांच्या दारात जात नाहीत गं.

तू ग्रुपमध्ये राहा किंवा सोड, दोन्हीला माझी हरकत नाही, तोही तेव्हा निघूनच गेला होता. फक्त त्या चौघा सिनियरांमधल्या एकाला तरी समोर बसवून विचार की नक्की काय खटकलं, आणि त्यातलं खरं असेल ते ऐकून घे.

२०२२ चा त्याचा बीथोवनच्या एग्मोंट ओव्हर्चरचा व्हिडिओ बघ, व्हीलचेअरवर आहे, कॅन्सर होऊन बारा वर्षं झालेली, अवकाश स्थानकातल्या वाकाता नावाच्या अंतराळवीरासाठी वाजवलेला. हात फार वर जातच नाहीत, पण सगळा ऑर्केस्ट्रा त्या हातांकडे बघत असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो गेला. काल रात्री बाबांनी आणि मी तो व्हिडिओ दोनदा लावला, दुसऱ्यांदा बाबा दिवा लावायचंसुद्धा विसरले.

शनिवारी डिंकाचे लाडू पाठवतेय, डबा मोठाच आहे, रिहर्सलला घेऊन जा.

तुझी,
आई