जंजिरा: किल्ला अजिंक्य राहिला, संस्थान राहिले नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा सरून राजपुरीच्या धक्क्यावरून होड्या पुन्हा सुटू लागल्या की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत जंजिऱ्यावर लेख येऊ लागतात. त्यांचा साचा ठरलेला असतो. राम पाटलाचा मेढेकोट, पिरमखानाची पिंपे, शिवछत्रपतींच्या मोहिमा, संभाजीराजांनी खाडीत घातलेली दगडी भर, कलालबांगडी तोफ आणि शेवटी ‘अजिंक्य’ हा शब्द. त्यापुढे एकदम १९४८ येते. मधल्या काळात जंजिरा हे इंग्रजांच्या मांडलिकीखालचे संस्थान होते, याचा उल्लेख एखाद्या वाक्यापुरताही क्वचितच सापडतो. किल्ला तोफांनी पडला नाही हे खरे. पण त्याचे स्वातंत्र्य कागदावर गेले, आणि कसे गेले याची साल-वार नोंद उपलब्ध आहे. ती वाचकांसमोर यावी म्हणून हे पत्र.

आधी किल्ला आणि संस्थान यांतला फरक. किल्ला म्हणजे राजपुरीच्या खाडीच्या तोंडावरचे सुमारे २२ एकरांचे बेट. संस्थान म्हणजे सिद्दी नवाबाचा मुख्य भूमीवरचा ३२४ चौरस मैलांचा मुलूख. उत्तरेला कुंडलिकेची खाडी, दक्षिणेला सावित्रीच्या मुखाशी बाणकोटची खाडी, पूर्वेला रोहा-माणगावचा इंग्रजी मुलूख, पश्चिमेला समुद्र. राजपुरीची खाडी या मुलखाचे उत्तर-दक्षिण दोन तुकडे करते. मुरुड, म्हसळा आणि श्रीवर्धन असे तीन महाल होते आणि ढोबळमानाने तेच आजचे तीन तालुके. १९०१ च्या खानेसुमारीत लोकवस्ती ८५ हजारांच्या घरात होती. शिवाय काठेवाडात जाफराबाद हे बंदर याच नवाबाकडे होते. म्हणजे पेशव्यांचे मूळ गाव श्रीवर्धन, तसेच दिवेआगर आणि हरिहरेश्वर, ही सारी ठिकाणे १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होती. पेशवाईचा इतिहास सांगताना ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

इंग्रजांशी संबंध आला तो बरोबरीच्या नात्याने, किंबहुना आधी भीतीच्या. १६८९ मध्ये सिद्दी याकूतखानाने शिवडीला माणसे उतरवून माझगाव घेतले आणि मुंबईच्या किल्ल्याला वेढा घातला. तो उठला जून १६९० मध्ये, तोही औरंगजेबाच्या दरबारी ईस्ट इंडिया कंपनीने माफी मागितल्यावर. १७३३ मध्ये मात्र कंपनीने सिद्द्यांशी परस्परांच्या मदतीचा करार केला, कारण दोघांनाही आंग्रे आणि पेशवे यांची धास्ती होती. त्याच वर्षी जंजिऱ्याचा तेव्हाचा प्रमुख रसूल याकूतखान वारला, मुलांत वारसाचा तंटा लागला, बाजीरावांनी त्यात हात घातला आणि रायगड मराठ्यांकडे परत आला. १९ एप्रिल १७३६ रोजी चिमाजी अप्पांनी रेवासजवळच्या लढाईत जंजिऱ्याचा सरदार सिद्दी सात याला मारले. पुढे हबसाणाच्या, म्हणजे सिद्द्यांच्या मुलखाच्या, बऱ्याच महालांत सिद्दी आणि मराठे यांचा अंमल आणि वसूल वाटला गेला. किल्ला टिकला, पण त्याच्यामागची भूमी अर्धीमुर्धी झाली.

यानंतरचे पाऊल १७९१ चे, आणि इथे लेखांत नेहमी गोंधळ होतो. गादीचा हक्कदार सिद्दी अब्दुल करीम ऊर्फ बाळूमियाँ याने जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि त्याच्या बदल्यात सुरतेजवळचा सचीनचा मुलूख घेतला. पेशव्यांच्या हाती तो कागद आला, जंजिरा आला नाही. किल्ल्यावर सिद्दी जौहरच बसून राहिला. त्यामुळे यापुढे ‘सिद्दी नवाब’ दोन झाले, एक जंजिऱ्याचा आणि एक सचीनचा. दोन्ही घराण्यांची नावे सारखी असल्याने सचीनच्या नवाबाचा मजकूर वा छायाचित्र जंजिऱ्याच्या लेखात घुसण्याची शक्यता कायम असते. गावाचे नाव तपासल्याशिवाय ते छापू नये.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि किनाऱ्यावर इंग्रजांना तोलणारे पारडे उरले नाही. शेजारचे आंग्र्यांचे कुलाबा संस्थान औरस वारस नाही म्हणून, दत्तक नाकारून, १८४० मध्ये खालसा झाले. साताराही त्याच वाटेने १८४८ मध्ये गेला. जंजिरा वाचला. आमच्या मते याचे मुख्य कारण तटबंदी नव्हे. तिथे दत्तकाचा प्रश्नच उभा राहिला नाही, औरस मुलांची वाण कधी पडली नाही. डोंगराळ, कमी वसुलाचा मुलूख घेण्याची घाईही कुणाला नव्हती.

पण १८३४ मध्ये इंग्रज सरकारने जंजिरा आपल्या सत्तेखाली असल्याचे जाहीर केले आणि लागलीच संस्थानची टांकसाळ बंद केली. ‘अजिंक्य’ हा शब्द लिहिताना ज्याने थांबावे ते साल हेच. टांकसाळ बंद करण्याचे कारण तिथले नाणे हिणकस होते असे दिले गेले. ते खोटे नव्हते, आणि त्यामागचा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. सावकार चांदी आणून देई, टांकसाळ नाणी पाडून देई आणि हासील कापून घेई. संस्थानला पैशाची चणचण भासली की नाण्यातली चांदी कमी करून फरक खजिन्यात घालण्याचा मोह होई. सराफ मात्र नाणे कसोटीला लावूनच घेत आणि हलक्या रुपयावर बट्टा आकारत. हा बट्टा शेवटी सुपारी, नारळ वा भात विकणाऱ्या रयतेच्या माथी येई. पुढच्याच वर्षी, १८३५ मध्ये, कंपनीने सगळ्या इंग्रजी मुलखासाठी एकच रुपया ठरवला: वजन १८० ग्रेन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. किनाऱ्यावरचा व्यापार त्या रुपयात होऊ लागल्यावर जंजिऱ्याला स्वतःचा रुपया पाडण्याचा हक्क परत मागण्यातही अर्थ उरला नाही. रयतेला बट्ट्यातून सुटका मिळाली हे मान्य करावे लागेल. पण नाणे पाडणे ही सार्वभौमत्वाची पहिली खूण, आणि ती एका हुकुमाने गेली.

त्यानंतर तेहतीस-चौतीस वर्षे इंग्रजांनी कारभारात हात घातला नाही. खंडणी नव्हती, पोलिटिकल एजंट (संस्थानावर देखरेख ठेवणारा इंग्रज अधिकारी) नव्हता. त्या काळातल्या संस्थानांत हे विरळाच. मग नवाब इब्राहिमखानाच्या फौजदारी न्यायातील बेबंदशाहीच्या तक्रारी वाढल्या आणि १८६७-६८ च्या सुमारास फौजदारी अधिकार काढून ते पोलिटिकल एजंटाकडे दिले गेले. मुलकी वसूल आणि दिवाणी कारभार नवाबाकडे, खून-दरोड्याचा न्याय एजंटाकडे, अशी विभागणी झाली. १८७० मध्ये नवाब मुंबईत असताना सिद्दी सरदारांनी त्याला पदच्युत केल्याचे जाहीर केले. अखेर अटी घालून तो परत गादीवर आला. सरदारांना हे धाडस का झाले, याचे उत्तर सिद्द्यांच्या जुन्या रिवाजात आहे. जंजिऱ्याचा प्रमुख मुळात बापाचा मुलगा म्हणून नव्हे, तर सरदारांत वरचढ म्हणून गादीवर बसे. एकोणिसाव्या शतकात गादी बापाकडून मुलाकडे जाणे रुळले, तरी सरदारांनी निवडीचा दावा सोडला नव्हता.

इंग्रजांच्या सनदेने वारसा मुसलमानी कायद्याप्रमाणे चालेल अशी हमी दिली. कागदावर हे सोपे वाटते. पण त्या कायद्यात मालमत्तेचे हिस्से सांगितले आहेत, गादी थोरल्यालाच द्यावी असे सांगितलेले नाही. म्हणून १८७९ मध्ये इब्राहिमखान वारताच पुन्हा तंटा लागला आणि निवाडा मुंबई सरकारने केला. १८६२ मध्ये जन्मलेला अहमदखान नवाब ठरला. तो अल्पवयीन, म्हणून शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, आणि १८८३ मध्ये अधिकार हाती. सरदारांची निवड, किल्ल्यातला दरबार आणि तलवार या तिन्हींच्या जागी आता वयाचा दाखला आणि सरकारचे पत्र आले होते.

अहमदखानाची कारकीर्द १९२२ पर्यंतची. मुरुडचा अहमदगंज राजवाडा १८८५ चा. गारंबीचे पाणी मुरुडला आणणारी योजना व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या नावाने झाली. मुरुडचे सर एस. ए. हायस्कूल त्याच्याच नावाचे आहे. फणसाडचे आजचे अभयारण्य ही संस्थानची राखीव शिकारीची रानवट होती. १९८६ मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला. किल्ल्यावर जाणारे शेकडो लोक याच शाळेवरून, याच पाण्याच्या नळावरून आणि याच जंगलावरून जातात आणि त्यांना ही सारी एका संस्थानची निशाणी आहे हे कुणी सांगत नाही. आम्हाला याचेच सर्वांत वाईट वाटते.

मानाचा हिशेबही इंग्रजांनी ठरवला. जंजिऱ्याला ११ तोफांची सलामी, स्वतःच्या मुलखात १३. ही केवळ बडेजावाची गोष्ट नव्हती. १९२१ मध्ये नरेंद्र मंडळ, म्हणजे संस्थानिकांची सभा, स्थापन झाले, तेव्हा ११ तोफांची अट हा स्वतःच्या हक्काने बसण्याचा उंबरठा होता. जाफराबादचा भाग निराळाच. काठेवाडातल्या किनारी संस्थानांच्या बंदरांतून येणाऱ्या मालावर इंग्रजांनी काठेवाडच्या सीमेवरील विरमगावच्या नाक्यांवर जकात बसवली. १९१७ मध्ये ती उठली, १९२७ मध्ये पुन्हा आली. बंदर नवाबाचे, पण त्यातून आत जाणाऱ्या मालाचा भाव विरमगावला ठरे.

अहमदखानानंतर मुलगा महंमदखान लहान होता. त्याची आई कुलसुम बेगम हिने १९३३ पर्यंत कारभार पाहिला. १९३३ हे साल संशोधकांनी ध्यानात ठेवावे. तोवर कुलाब्याचा कलेक्टर हाच जंजिऱ्याचा पोलिटिकल एजंट असे. त्या वर्षी हे संबंध मुंबई सरकारकडून हिंदुस्थान सरकारकडे गेले आणि जंजिरा कोल्हापूरच्या रेसिडेंटाकडील डेक्कन स्टेट्स एजन्सीत आला. १९४८ च्या जानेवारीत नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्थानात मुक्तीचा लढा उभारला. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. जाफराबाद सौराष्ट्रात गेले.

आता या काळावर लिहू इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. काळा घोड्याजवळच्या मुंबई पुराभिलेखागारात ‘मुरुड-जंजिरा’ या नावाने शोध घेतला तर हाती काही लागत नाही, कारण हे जोडनाव अलीकडचे. जुन्या सूचीत ‘जिंजिरा’, ‘हबसान’, ‘हबशी’ अशी रूपे पाहावीत आणि राजकीय खात्याची बाडे मागवावीत. १९३३ नंतरचे कागद मुंबईत शोधण्यात वेळ घालवू नये. ते दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कोल्हापूर रेसिडेन्सीच्या दप्तरात पाहावे. जाफराबादसाठी काठेवाड एजन्सी पाहावी.

मोडी कागदांत सर्वांत मोठा घात सालाचा होतो. तिथे सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘सीत सलासीन मया व अलफ’ म्हणजे ६, ३०, १०० आणि १०००, म्हणून ११३६. हा सन मृगापासून, म्हणजे जूनमध्ये सुरू होतो. जून ते डिसेंबरमधल्या तारखेला ५९९ मिळवावे, जानेवारी ते मेमधल्या तारखेला ६००. एप्रिलमधला ११३६ म्हणजे एप्रिल १७३६, रेवासच्या लढाईचा. अरबी शब्द दिसले म्हणून ११३६ ला हिजरी समजले, तर १७२३-२४ येते आणि सिद्दी सात हा रसूल याकूतखानाच्या मृत्यूच्या दहा वर्षे आधी मेलेला ठरतो. मग वारसाच्या तंट्याचा आणि लढाईचा संबंधच तुटतो. वसुलाच्या कागदांत फसली सन असेल तर दख्खनच्या हिशेबाने जून ते डिसेंबरसाठी ५९० आणि पुढच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे. सुहूर आणि फसली यांत नऊ वर्षांचे अंतर आहे, ते विसरले की एका नवाबाचा कागद दुसऱ्याच्या खात्यात जातो.

राजपुरीच्या धक्क्यावर होडीची वाट पाहत प्रवासी बराच वेळ उभे असतात. तिथे मराठीत एक फलक लावावा, अशी पुरातत्त्व खाते आणि स्थानिक प्रशासन यांना आमची विनंती आहे. मजकूर सहा ओळींत बसतो: १७३३ कंपनीशी करार, १७९१ बाळूमियाँचा हक्कत्याग आणि सचीन, १८३४ इंग्रजांची सत्ता जाहीर, टांकसाळ बंद, १८६७-६८ फौजदारी अधिकार एजंटाकडे, १९३३ कोल्हापूरच्या रेसिडेंटाकडे, ८ मार्च १९४८ विलीनीकरण. फलकाच्या तळाशी तीन महालांचा नकाशा असावा आणि त्यात श्रीवर्धन ठळक दाखवावे.

आपले,
जंजिरा संस्थानच्या इतिहासाचे काही अभ्यासक,
मुरुड आणि श्रीवर्धन, जि. रायगड