नुसत्या इंचांवर मॉनिटर घेऊ नका

महोदय,

शाळा-कॉलेजे सुरू होताना आणि पुन्हा दिवाळीच्या तोंडावर मॉनिटरच्या जाहिरातींना ऊत येतो. इंच आणि किंमत ठसठशीत छापलेली असते, बाकीचा तपशील भिंगाने वाचावा लागतो. ग्राहकही दुकानात पाऊल टाकताच ‘सत्तावीस दाखवा’ म्हणतो. मग थोड्याच दिवसांत अक्षरे फुटतात, मान धरते, एखाद्या सकाळी ‘नो सिग्नल’ येतो आणि सगळे खापर मॉनिटरवर फुटते. आम्ही लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, संगणक जोडण्या-दुरुस्तीची कामे करतो. खराब म्हणून आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ मॉनिटरांत बिघाड नसतोच. आकार चुकीचा निवडलेला असतो, केबल चुकीची असते किंवा भिंतीतल्या प्लगमध्ये गोम असते.

आधी टेबल मोजा. मुंबईच्या घरांत संगणकाचे टेबल बहुधा १८ इंच, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर खोल असते आणि भिंतीला चिकटलेले असते. स्टँडचा पाय २० सेंटिमीटर जागा खातो, त्यामुळे पडदा भिंतीपासून दहा-बारा सेंटिमीटर पुढे येतो. कीबोर्ड ठेवून बसल्यावर डोळे ते पडदा अंतर पन्नास-पंचावन्न सेंटिमीटर राहते. हात पुढे केला की बोटे पडद्याला टेकतील एवढे, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर अंतर असावे. २४ इंची पडदा ५३ सेंटिमीटर रुंद असतो, तो या टेबलावर बसतो. २७ इंची ६० सेंटिमीटर भरतो, तोही निभतो. ३२ इंची मात्र ७१ सेंटिमीटर रुंद असतो. पन्नास सेंटिमीटरवरून त्याची दोन्ही टोके पाहायला मान वळवावी लागते. दहा बाय बाराच्या खोलीत तो दिमाखदार दिसतो खरा, पण दिवसभर एक्सेल भरणाऱ्याचे हाल होतात.

इंचांइतकेच महत्त्वाचे म्हणजे त्या इंचांत किती पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणारे ठिपके, भरले आहेत. १९२० गुणिले १०८० हा फुल एचडी पडदा २४ इंची असेल तर एक पिक्सेल ०.२८ मिलिमीटरचा होतो. तेवढेच पिक्सेल २७ इंचांवर ताणले की तो ०.३१ मिलिमीटरचा. इंग्रजी अक्षरे यात निभावून जातात, मराठीची अडचण होते. रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरांचे पाय दोन-तीन पिक्सेलांत बसवायचे असतात. दुकानात नोटपॅड उघडून ‘आर्द्रता’, ‘कर्तृत्व’, ‘राष्ट्रीय’ असे शब्द नेहमीच्या आकारात टाइप करा आणि हातभर अंतरावरून वाचा. रफार आणि खालचा रकार सुटे दिसले तर पुढे जा. मजकुराचेच काम असेल तर २७ इंचांत २५६० गुणिले १४४० घ्या. त्यात पिक्सेल ०.२३ मिलिमीटरचा होतो. पैसे कमी असतील तर २४ इंची फुल एचडीवर थांबा. २७ इंची फुल एचडी आम्ही ऑफिसच्या कामाला सुचवत नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी.

घरी आल्यावर खोक्यातून पडदा काढताना तो कडेच्या चौकटीला धरून उचलावा. तळवा काचेवर दाबला गेला की आत वेलीसारखी काळी चीर पडते, आणि ती वॉरंटीत धरत नाहीत. गादीवर मऊ चादर टाकून पडदा पालथा ठेवावा, स्टँड बसवून खालचा स्क्रू हाताने घट्ट आवळावा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यावी आणि पडदा वरच्या बाजूने थोडा मागे कलावा. स्वस्त स्टँड फक्त कलतात, उंच होत नाहीत. अशा वेळी खाली लाकडी पाट ठेवा. पुस्तकांची चळत सरकते. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्यांनी मात्र उलटे करावे. जवळचे दिसणारा भाग भिंगाच्या तळाशी असल्याने पडदा उंच ठेवला की ते हनुवटी वर करून बसतात आणि संध्याकाळी मानेला शेक घेतात. त्यांचा पडदा आणखी खाली हवा.

टेबलावर जागाच नसेल तर पाठीमागे १०० बाय १०० किंवा ७५ बाय ७५ मिलिमीटर अंतरावर चार भोके आहेत का पाहा. त्यांना टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळायचा मॉनिटरचा हात (आर्म) किंवा भिंतीवरची पट्टी जोडता येते. २४-२७ इंचांच्या पडद्यांना बहुधा एम-४ स्क्रू लागतात. भोके नसलेले मॉडेलही बाजारात आहेत, ते खरेदीनंतर कळून उपयोग नाही. क्लॅम्पचा हात पार्टिकल बोर्डाच्या टेबलावर थेट आवळला की बोर्ड दबून भुसा होतो. वर-खाली लोखंडी पट्टी घाला. भिंतीला लावणार असाल तर भिंत कसली आहे ते ओळखा. नव्या टॉवरांत अनेक ठिकाणी सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतात, तिथे हॅमर ड्रिल लागते. हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लास्टिकचा गट्टू सुटतो, त्यासाठी वेगळा मिळतो. जुन्या चाळीत चुन्याचा गिलावा ओलांडून विटेत पोचावे लागते. स्विचबोर्डाच्या सरळ वर ड्रिल कधीच मारू नये, वायर तिथूनच गेलेली असते.

खिडकी समोर किंवा पाठीमागे नको, बाजूला हवी. पश्चिमेकडच्या खोल्यांत दुपारी तीननंतर हे फार जाणवते. टेबल वळवणे शक्य नसेल तर खिडकीला जाड पडदा लावावा, ‘अँटी-ग्लेअर’ काचेवर पैसे घालू नयेत. ब्राइटनेस कारखान्यातून चढवूनच येतो, कारण दुकानाच्या झगमगाटात पडदा उठून दिसायला हवा. घरी पडद्यावर कोरे पान उघडा आणि शेजारी पांढरा कागद धरा. पडदा दिव्यासारखा उजळ वाटला तर उतरवा, मळकट वाटला तर चढवा. रात्री पुन्हा बघा. ‘व्हिविड’ आणि ‘डायनॅमिक काँट्रास्ट’ बंद ठेवा. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांचा गवगवा बराच आहे; अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२३च्या कॉक्रेन आढाव्यात साध्या भिंगाच्या तुलनेत डोळ्यांचा ताण कमी झाल्याचे दिसले नाही. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर पाहावे, हा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला त्याहून स्वस्त आहे. दहा बाय दहाच्या खोलीत वीस फूट कुठून आणणार? खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची बघा.

आता केबल. खोक्यात मिळेल ती लावून मोकळे होऊ नका. १५ पिनांच्या व्हीजीएने चित्र अॅनालॉग होऊन जाते, म्हणून अक्षरांना सावली येते. संगणक आणि मॉनिटर दोन्हीकडे एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असताना व्हीजीए वापरायचे कारण नाही. ४के, म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेलांचा पडदा एचडीएमआय १.४ वर सेकंदाला ३० चित्रेच दाखवतो आणि माउस अडखळतो. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ दोन्ही बाजूंना हवे. डिस्प्लेपोर्टच्या बहुतेक प्लगांना अडकणारा हूक असतो, वरचे बटण दाबल्याशिवाय ओढला तर पोर्ट उचकटते. लॅपटॉपच्या प्रत्येक टाइप-सी पोर्टातून चित्र बाहेर पडत नाही. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची खूण नसेल तर लॅपटॉपच्या पुस्तिकेत खात्री करा. १०० किंवा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढी चित्रे दाखवणारा, म्हणून घेतलेला मॉनिटर अनेक घरांत वर्षानुवर्षे ६० वर चाललेला असतो. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले असे जाऊन आकडा बदलावा लागतो. त्याआधीच्या ‘डिस्प्ले’च्या पानावर रिझोल्यूशन, म्हणजे पिक्सेलांची संख्या, पडद्याचे मूळचे, म्हणजे ‘रेकमेंडेड’ आहे ना, तेही पाहा. अक्षरे लहान वाटतात म्हणून रिझोल्यूशन उतरवू नका, स्केल १२५ टक्के करा. आणि एचडीएमआय लावल्यावर ‘आवाज गेला’ असा फोन येतो, तेव्हा विंडोजने आवाज मॉनिटरकडे वळवलेला असतो, ज्याला स्पीकरच नसतो. खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावरून जुना स्पीकर पुन्हा निवडा.

‘नो सिग्नल’ दिसले की मॉनिटर जिवंत आहे एवढे तरी नक्की, कारण ती पाटी तो स्वतःच लिहितो. प्रथम मॉनिटरच्या मेनूत इनपुट योग्य निवडले आहे का पाहा. नंतर सीपीयूच्या डब्यामागे जा. नेहमीच्या उभ्या डब्यात यूएसबीच्या घोळक्यातले एचडीएमआय मदरबोर्डाचे, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डाचे असते. त्याच्या खाली आडव्या पट्टीतले पोर्ट ग्राफिक्स कार्डाचे. कार्ड असेल तर केबल कार्डातच लावायची. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या क्रमांकाशेवटी एफ असतो, त्यांत आतले ग्राफिक्स नसल्याने मदरबोर्डाच्या पोर्टातून काहीच येत नाही. हे ठीक असून पंखा फिरतो पण चित्र नाही, असे असेल तर रॅमकडे, म्हणजे मदरबोर्डात उभ्या खोचलेल्या मेमरीच्या पट्टीकडे वळा. आपल्या हवेत तिच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. वायर काढून, रॅम बाहेर घेऊन पट्ट्या मऊ पांढऱ्या खोडरबराने पुसाव्यात, भुरा झटकावा आणि दोन्ही बाजूंनी ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवावी. पावसाळ्यात यानेच कितीतरी संगणक सुरू होतात.

पडद्यावर रेघा आल्या तर मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा. मेनूवरूनही रेघ गेली तर दोष पॅनेलचा, म्हणजे खुद्द पडद्याचा. मेनू स्वच्छ असेल तर केबल किंवा ग्राफिक्स कार्ड तपासा. स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाठवला आणि त्यातही रेघ दिसली, तर गडबड संगणकातच आहे. एवढे घरी करून आलात तर दुकानात मॉनिटर घेऊन येण्याचा टॅक्सीचा खर्च वाचतो.

विजेच्या बाबतीत मुंबईच्या जुन्या इमारतींत खरी अडचण अर्थिंगची आहे. मॉनिटरच्या पॉवर सप्लायला २३० व्होल्टच्या आसपासचे चढ-उतार फारसे जड जात नाहीत, बहुतेक मॉनिटर १०० ते २४० व्होल्टवर चालतात. पण अर्थिंग नसेल तर आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरांमुळे धातूच्या भागावर मुख्य व्होल्टेजच्या साधारण निम्मा दाब तरंगतो. करंट अगदी थोडा असतो, म्हणून एचडीएमआयच्या टोकाला बोट लागले की नुसती झिणझिणी येते. ते टोक तसेच चालू सेट-टॉप बॉक्सच्या किंवा दुसऱ्या संगणकाच्या पोर्टात घातले की पोर्ट जळू शकते. तीन पिनांच्या वायरीला दोन पिनांचा जोड लावणे म्हणजे असलेले अर्थिंगही तोडणे. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावायला सांगा: फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल हे आकडे जवळपास सारखे यावेत आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच असावेत. तोवर केबल लावताना-काढताना दोन्हीकडचे बटण बंद ठेवा, प्लग उपटूनच ठेवला तर अधिक बरे.

पावसाळ्यात मॉनिटर आठवडेच्या आठवडे झाकून ठेवण्यापेक्षा रोज अर्धा तास चालवलेला चांगला, आतली ऊब ओल धरू देत नाही. ओल येणाऱ्या भिंतीपासून हातभर नाही तरी वीतभर दूर ठेवा आणि पाठीमागच्या जाळीवर कपडे वाळत घालू नका. हेही सांगावे लागते! याच दिवसांत संध्याकाळी उजेडाला भुलून चिलटे पडद्याच्या थरांत शिरतात. काचेआडून काळा ठिपका चालताना दिसला की पहिला हात त्याला चिरडायला जातो. चिरडलात तर तो मेलेला ठिपका कायमचा तिथेच राहतो, पॅनेल उघडल्याशिवाय निघत नाही. मॉनिटर बंद करा, खोलीत अंधार करून जवळ दुसरा दिवा लावा. चिलट बहुधा आपल्या पायांनी बाहेर येते.

पुसायला मायक्रोफायबर कापड आणि थोडे डिस्टिल्ड पाणी पुरे. पाणी कापडावर घ्यायचे, पडद्यावर फवारायचे नाही. खालच्या कडेने आत ओघळले की तिथली इलेक्ट्रॉनिक्स जाते. काच पुसायचे अमोनियाचे स्प्रे मॅट थर खातात.

नवा आला की जुना भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातो. जुन्या पेटीसारख्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते, एलईडीच्या आधीच्या एलसीडीत दिव्याच्या नळ्यांमध्ये पारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादकांवर पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आहे. नवा घेतानाच दुकानदाराला जुन्याचे काय करता येईल ते विचारा.

शेवटी दोन मागण्या. दुकानदारांनी बिलावर मॉडेल क्रमांकासोबत रिझोल्यूशन, पोर्टांची नावे व आवृत्ती आणि स्टँड उंच होतो की नाही, हे लिहून द्यावे. ग्राहकांनी मागच्या लेबलवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण व ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक पाहावा, तो बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो. तसेच पडद्यावर लाल, हिरवे, निळे, पांढरे आणि काळे पान दुकानातच लावून मेलेले पिक्सेल, म्हणजे रंग न बदलणारे ठिपके बघावेत. दुसरी मागणी आपल्याकडे आहे. आपल्या दैनिकात येणाऱ्या मॉनिटरच्या जाहिरातींत इंच ज्या आकाराच्या टायपात असतात, त्याच टायपात रिझोल्यूशन छापण्याचा आग्रह आपल्या जाहिरात विभागाने धरावा.

संगणक जोडणी व दुरुस्ती करणारे काही व्यावसायिक,
ग्रँट रोड (पूर्व), मुंबई