दोन फोटोंच्या मधले वर्ष

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या आरोग्य पुरवणीत लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेचा लेख वाचला. लेखात चूक काही नव्हती, पण आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी छापले की मधले वर्ष गायब होते. ऑपरेशन करून घेणाऱ्याला तर त्या मधल्या वर्षातच दिवस काढायचे असतात. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा आपल्याकडे बोलणे झाले ते वजनाचेच, आणि २०१७ मध्ये इजिप्तची अतिलठ्ठ इमान अहमद याच उपचारासाठी मुंबईत आली तेव्हाही बातम्यांत किलोच मोजले जात होते.

माझे ऑपरेशन स्लीव्हचे. यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात, केळ्याएवढी नळी उरते. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः ज्या भागात तयार होते, तोही जातो. माझ्या मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या, दोन जिने न थांबता चढते. उद्या कोणी विचारले तर पुन्हा होच म्हणेन. माझा राग आहे तो आधी न सांगण्याचा.

पहिल्या रात्री ऑपरेशन पोटाचे आणि ठणका उजव्या खांद्यात. बहीण घाबरून गेली, तिला वाटले हृदयाचेच काहीतरी. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. आत राहिलेला वायू श्वासपटलाला डिवचतो आणि कळ खांद्यात उठते. रात्रपाळीच्या सिस्टरने हे दोन वाक्यांत सांगितले आणि मला उठवून व्हरांड्यात चालायला लावले. ती दोन वाक्ये आदल्या दिवशी ऐकली असती तर आम्ही दोघी शांत झोपलो असतो.

मग पातळ आहार. गाळलेले मुगाचे कढण, नारळपाणी, ताक, तेही घोट घोट. व्हॅनिलाच्या वासाची प्रोटीन पावडर इतकी नकोशी झाली की अजून बेकरीवरून जाताना पोटात ढवळते. पण त्याचे काही नाही, ते दिवस निघून जातात. खरी गंमत मऊ जेवणानंतर, घरची पोळी पानात आली तेव्हा सुरू झाली. एक घास जास्त झाला किंवा नीट चावला गेला नाही की छातीच्या मधोमध काहीतरी अडकून बसते, तोंडाला पाणी सुटते आणि मग फेस येऊ लागतो. पांढरा, चिकट, तार धरणारा. ओकारी म्हणावी तर अन्न येत नाही. बेसिनशी वाकून उभे राहायचे, घास खाली सरकेपर्यंत. भाच्याच्या लग्नात मी अशी उभी असताना मागून एका काकूंनी हळूच विचारले, ‘गोड बातमी का गं?’ माझे वय सत्तेचाळीस!

आपल्या घरांत नाही म्हणणे किती कठीण असते, हे आहारतज्ज्ञांच्या छापील तक्त्यात नसते. ‘एवढीशी तर वाटी आहे’ म्हणत वाढणाऱ्या हाताला जठर छोटे झाल्याचे दिसत नाही. जेवताना पाणी प्यायचे नाही, नंतरही अर्धा तास थांबायचे, हे माझ्या सासूबाईंना अजून पटलेले नाही. पानाशेजारी तांब्या-भांडे हजर असतेच.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागले. मोरीच्या जाळीवर रोज पुंजका. शस्त्रक्रियेचा ताण आणि झपाट्याने उतरणारे वजन यांमुळे पुष्कळ केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही महिन्यांनी एकदमच गळतात; प्रथिने आणि लोह कमी पडले तर जास्तच. बहुतेकांचे परत येतात, माझेही आले. मधल्या काळात मात्र भेटणारा प्रत्येक जण तेलाचे नाव सांगत होता आणि ‘किती उतरलीस गं, बरं आहे ना?’ असे विचारत होता. लठ्ठ होते तेव्हाही हेच लोक बोलायचे.

बाकीचे भरभर सांगते. रात्री घशाशी आंबट येते, म्हणून उशाकडची बाजू उंच करावी लागते. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ. वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. जठराचे बायपास (लठ्ठपणावरचीच दुसरी शस्त्रक्रिया, हृदयाची नव्हे) झालेल्या माझ्या एका परिचितांना चार चमचे श्रीखंडाने दरदरून घाम फुटतो, धडधडते आणि संडासला पळावे लागते. दंड आणि पोट लोंबते, घड्यांत उन्हाळ्यात खाज सुटते. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया ठराविक अटींवर विम्यात बसते, पण ही सैल कातडी काढायची तर ते बहुतेक वेळा सौंदर्योपचारात ढकलले जाते.

यातली एक गोष्ट मात्र नुसती किळसवाणी नाही, धोक्याची आहे. उलट्या थांबतच नसतील तर शरीरात बी-१ जीवनसत्त्व कमी पडते. पाय मुंग्यांनी बधिर होतात, चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसू लागतात. अशा वेळी ‘पोटाला सवय व्हायचीय’ म्हणत घरी जिऱ्याचे पाणी देत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभराच्या आहेत. शाकाहारी घरांत बी-१२ आधीच बेताचे असते. तरीही वजन उतरले की लोक तपासणीला जाणे सोडतात.

मी ज्या मोफत मार्गदर्शन शिबिराला गेले होते तिथे जुनी पँट दोन्ही हातांनी ताणून दाखवणारे लोक व्यासपीठावर होते. त्यांच्या शेजारी तिसऱ्या महिन्यातला, डोक्याला रुमाल बांधलेला एखादा रुग्ण बसवा, अशी रुग्णालयांना विनंती. आणि ऑपरेशनआधीच्या समुपदेशनाला घरात स्वयंपाक जो करतो त्याला बोलवा. आमच्याकडे सह्या करायला नवऱ्याला बोलावले होते, त्यांना चहासुद्धा करता येत नाही.

आपल्या पुरवणीनेही एखाद्या आहारतज्ज्ञाकडून पहिल्या दोन महिन्यांचे मराठी शाकाहारी जेवण लिहून घ्यावे, वाटी-चमच्याच्या मापात. कात्रण काढून फ्रिजवर लावता येईल एवढे.

आपली,
एक वाचक, नाशिक
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)