आयुक्तसाहेब, कार्यक्रम पुरेत, आता बीटचा शिपाई द्या

मा. पोलीस आयुक्त, इंदूर
यांस सविनय नमस्कार.

गेल्या काही वर्षांत इंदूर पोलिसांनी लोकांपर्यंत पोचण्यासाठी जेवढे कार्यक्रम केले, तेवढे आधी कधी झालेले मला आठवत नाहीत. शाळांमध्ये मुलींशी बोलणं, कोचिंगच्या मुलांना सायबर फसवणुकीचे धडे, हेल्मेटची रॅली, नशामुक्तीची शपथ, कॉलन्यांमधले जनसंवाद. निवृत्तीनंतर वेळच वेळ असलेल्या माझ्यासारख्या बायका यातल्या बऱ्याच ठिकाणी पहिल्या रांगेत बसलेल्या असतात. तुमचे अधिकारी चांगलं बोलतात, हे आधीच सांगून टाकते. काही जण तर गणेशोत्सवातल्या व्याख्यात्यांच्या तोडीचे आहेत. माझं म्हणणं बोलण्याबद्दल नाही, बोलणं संपल्यावर काय होतं त्याबद्दल आहे, आणि बीटच्या, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतल्या एका ठरावीक भागाच्या, शिपायाबद्दल.

जनसंवादात लोक काय विचारतात ते तुम्हाला पाठ असेल. रिकाम्या प्लॉटवर रात्री बसणारी टोळकी, बागेच्या कोपऱ्यावरचा बंद दिवा, दारूच्या दुकानाबाहेर संध्याकाळी आडव्यातिडव्या लागणाऱ्या गाड्या, आणि आमच्या मराठी वस्तीतला हमखास प्रश्न: मुलाकडे पुण्याला तीन महिने जायचं तर बंद घराचं काय? सगळं वहीत लिहून घेतलं जातं. मग साहेबांना पुष्पगुच्छ, आमच्या अध्यक्षांचं आभारप्रदर्शन (ते कधी कधी जनसंवादापेक्षा लांबतं, त्यात पोलिसांचा काही दोष नाही), मग फोटो. पुढच्या वेळी साहेब नवे, वही नवी आणि प्रश्न जुनेच.

हे फक्त इंदुरात घडतं असं नाही. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा अशा सहा देशांत पोलीस आणि लोक यांना जवळ आणण्याचे प्रयोग एकाच आराखड्याने तपासले गेले. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: लोकांचा पोलिसांवरचा विश्वास वाढला नाही, गुन्हेही घटले नाहीत. कारणं वाचताना मला आमच्या कॉलनीचा हॉल दिसत होता. कल्पना मनावर घेणाऱ्या अधिकाऱ्याची मध्येच बदली होते, लोकांनी सांगितलेली अडचण सोडवायला ठाण्याकडे माणसं नसतात, आणि वरिष्ठांच्या लेखी हे काम सगळ्यात शेवटी येतं.

पण त्याच नियतकालिकात पुढच्या वर्षी आपल्या मध्य प्रदेशावरचा अभ्यास आला. आपल्या राज्यातली १८० ठाणी त्यात होती. काही ठाण्यांत महिलांसाठी ऊर्जा डेस्क उघडले, काहींत नाही, आणि फरक पाहिला. जिथे डेस्क होता, त्यातही जिथे त्यावर महिला अधिकारी बसत होती, तिथे बायकांवरच्या अत्याचाराच्या तक्रारी जास्त नोंदल्या गेल्या. तिथे शपथ नव्हती, रॅली नव्हती. एक जागा, एक ठरलेलं काम आणि ते करायला बसवलेलं माणूस होतं. नोंद वाढली, म्हणजे डेस्कचा उपयोग झाला. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, त्या विषयाकडे येते. मी बँकेत नोकरी केली. ‘डिजिटल अरेस्ट’ची, म्हणजे खोटा पोलीस व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालून पैसे उकळतो ती, प्रकरणं मला जुन्या सहकाऱ्यांकडून कळत असतात. तुमच्या व्याख्यानांत सांगतात त्यापेक्षा ती आत कशी घडतात, हे काउंटरवरून जास्त स्पष्ट दिसतं. सत्तरीतले गृहस्थ मुदत ठेव मोडायला येतात. शर्टाच्या खिशात मोबाईल, कॉल चालूच. पैसे कशाला हवेत विचारलं तर घाईघाईने सांगतात, घर घेतोय, नाहीतर नातीचं लग्न आहे. काय सांगायचं ते पलीकडच्या माणसाने पढवलेलं असतं. घरी बायकोलाही बोलायचं नाही अशी ताकीद असते. व्हिडिओवर गणवेश दिसतो, मागे ठाण्यासारखी खोली असते, वॉरंटचा कागद असतो, आणि पैसे ‘तपासणीसाठी’ एका खात्यात टाका, खरे असतील तर परत येतील, असं आश्वासन असतं. कॅशियरला संशय येतो. पण ग्राहक शुद्धीवर आहे, सही जुळते आहे, पैसे त्याचेच आहेत. अडवायचं कशाच्या जोरावर?

कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही, हे आता सांगायचं बाकी राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी रेडिओवर सांगितलं. फोन लावला की घंटी वाजायच्या आधी सावधानतेची सूचना ऐकू यायची. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक आमच्या भजनी मंडळाला हनुमान चालिसासारखा पाठ आहे. तरी शिकलेली, हिशेबी, आयुष्यभर दमडी न दमडी जपलेली माणसं फसतात.

मला याचं एक कारण दिसतं. त्या गृहस्थांनी आयुष्यात खऱ्या पोलिसाशी कधी दोन मिनिटं धड बोललेलं नसतं. खरा पोलीस कसा बोलतो, काय विचारतो, काय विचारू शकत नाही, याची त्यांना कल्पनाच नाही. पोलीस म्हणजे धाक, एवढंच त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्या धाकाचा गणवेश घालून कोणी पडद्यावर आलं की त्यांचे पाय लटपटतात. त्यांच्या मोबाईलमध्ये आपल्या बीटच्या आरक्षकाचा, म्हणजे शिपायाचा, नंबर असता, तो दर महिन्याला दारावर येऊन ‘काका, सब ठीक?’ विचारून जात असता, तर त्यांनी निदान त्याला तरी विचारलं असतं, की बाबा, असं असं वॉरंट निघालंय म्हणतात, खरं का? आणि बँकेच्या मॅनेजरकडेही तोच नंबर असता, तर मुदत ठेव मोडण्याआधी पंधरा मिनिटं काढता आली असती. १९३० चा उपयोग पैसे गेल्यावर, तोही लगेच फोन केला तर. पैसे एका भाड्याच्या खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात असे पळतात आणि कुठल्यातरी एटीएममधून बाहेर पडतात. बीटचा शिपाई पैसे जाण्याच्या आधी उपयोगी पडतो.

भाड्याच्या खात्यांवरून आठवलं. भंवरकुआँच्या कोचिंगवाल्या मुलांना फसवणुकीला बळी पडू नका असं सांगतात, ते ठीक. पण हाताशी पैसा नसलेल्या मुलांना जाळ्यात ओढायची रीत वेगळी आहे: तुझं खातं आणि एटीएम कार्ड दे, दर महिन्याला अमुक घे. त्या पोराला आपण गुन्ह्यात अडकतोय हे कळतसुद्धा नाही. भाषणाचा रोख तिकडे थोडा वळवा.

बीट ही कल्पना मी काढलेली नाही, तुमच्या प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर तिचा नकाशा असतो. माणूस मात्र नकाशावर राहतो. आज तो कोर्टात समन्स घेऊन गेलेला, उद्या कुणा बड्या पाहुण्याच्या बंदोबस्ताला, परवा आणखी कुठे. मनुष्यबळ कमी आहे हे आम्हाला दिसतं. रंगपंचमीच्या गेरच्या मिरवणुकीला, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीला, सगळी फौज राजवाड्याकडे गेली तर कुणाची तक्रार नाही, आम्हीही तिथेच असतो. पण दुसऱ्या दिवशी तोच शिपाई त्याच गल्लीत परत यावा. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठाणे प्रभारी आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षं एका जागी ठेवा म्हटलं. बीटच्या शिपायाचं नाव त्यात नाही. लोकांशी रोजचा संबंध तर त्याचाच येतो.

त्याच्या जागी नगर रक्षा समितीचे सदस्य पाठवू नयेत, ही विनंती. १९९९ च्या कायद्याने या समित्या आल्या आणि झांक्यांत, मेळ्यांत त्यांचं काम मी पाहिलं आहे. पण दोरी धरून गर्दी आवरणं वेगळं आणि कुणाच्या दारावर जाऊन चौकशी करणं वेगळं. शिटी आणि ओळखपत्र मिळालं की काहींच्या चालण्यात फरक पडतो. तमिळनाडूत ‘फ्रेंड्स ऑफ पोलीस’ म्हणून गाजलेली योजना २०२० मध्ये सातानकुलमच्या कोठडी मृत्यूंनंतर बंद करावी लागली, कारण स्वयंसेवकांवरही आरोप झाले होते.

भिवंडीचं उदाहरण तुमच्या प्रशिक्षणात असेलच. १९८४ च्या दंगलीत पोळलेल्या त्या गावात १९८८ मध्ये उपायुक्त म्हणून गेलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची माणसं पोलिसांसोबत नियमित बसायची, अफवा उठायच्या आधी. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. एकदा येऊन भाषण करून गेलेल्या साहेबाला हे जमलं नसतं.

आपल्याच शहराचं बघा. इंदूरने २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर घेतला. त्याआधी ‘कचरा टाकू नका’ असं कुणी सांगत नव्हतं का? फरक पडला तो महापालिकेची गाडी रोज, ठरल्या वेळी, दारात यायला लागली तेव्हा. गाडी आली नसती तर त्या भिंतींवरच्या घोषणा नुसत्या चुन्याच्या राहिल्या असत्या.

आणखी एक, ज्याने तुमचे सगळे कार्यक्रम पाण्यात जातात. आमच्या शेजारच्या वहिनींची संध्याकाळी चेन ओढली. ठाण्यात त्यांना ‘आवेदन दे दीजिए, दिखवाते हैं’ एवढं ऐकायला मिळालं. म्हणजे नुसता अर्ज, एफआयआर नाही. कोणतं ठाणं ते लिहीत नाही, कारण आवेदनावर भागवणं ही एकट्या त्या ठाण्याची खोड नाही. ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची नोंद सक्तीची केली, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत तर कुठल्याही ठाण्यात, ऑनलाइनसुद्धा माहिती देता येते. तरी आवेदनाचा कागद सुटत नाही, कारण टीआय साहेबांचं, म्हणजे ठाणे प्रभारींचं, मूल्यमापन आकड्यांवर होतं. गुन्हे वाढलेले दिसले की बैठकीत बोलणी बसतात. ऊर्जा डेस्कने काय शिकवलं ते वर लिहिलंच आहे. चेन गेलेल्या बाईची तक्रार नीट लिहून घेतली, तर ती पुढच्या जनसंवादाला येईल. नाहीतर खुर्च्या भरायला आम्ही निवृत्त मंडळी आहोतच.

मागणी छोटी आहे. शहरभर करू नका. मराठी वस्तीचं म्हणून सुदामा नगर घ्या असा माझा हट्ट नाही, तुम्हाला वाटेल तो भाग घ्या. एका ठाण्याच्या हद्दीतल्या बीटचे शिपाई दोन वर्षं हलवायचे नाहीत, असा आदेश काढा. प्रत्येक कॉलनीच्या फाटकावर आणि प्रत्येक बँक शाखेत त्याचं नाव आणि सरकारी मोबाईल नंबर लावा. बदली झालीच तर जुन्याने नव्याला हाताशी धरून घराघरांतून ओळख करून द्यावी, विशेषतः जिथे म्हातारी माणसं एकटी राहतात तिथे. बंद घरांची यादी त्याच्याकडे असावी आणि रात्रीच्या गस्तीत ती घरं पाहिल्याची सही फाटकावरच्या वहीत व्हावी. मागच्या जनसंवादातल्या प्रश्नांचं काय झालं ते पुढच्या जनसंवादात आधी वाचून दाखवावं, स्वागताच्याही आधी.

वर्षाने त्या भागात गुन्ह्यांची नोंद वाढलेली दिसली, तर त्या टीआयना बोलावून जाब विचारू नका, एवढं आधी लेखी द्या. नाहीतर शिपाई दारावर येईल, विचारपूस करेल, आणि तक्रार सांगितली की आवेदनाचा कागद पुढे करेल.

उत्तर पाठवायला लांबलचक पत्राची गरज नाही. बीटचा क्रमांक, आरक्षकाचं नाव आणि तो कधीपर्यंत आहे, एवढं कळवलंत तरी आमच्या कॉलनीच्या सूचनाफलकावर मी स्वतः लिहीन.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
सुदामा नगर, इंदूर