दाबोळीची धावपट्टी : अर्धवट सांगितला जाणारा इतिहास

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गोवा मुक्तिदिन जवळ आला की आपल्या सिंधुदुर्गात भाषणांतून आणि लेखांतून एक वाक्य हमखास येते : ‘हवाई दलाने दाबोळी विमानतळ उद्ध्वस्त केला.’ ते चुकीचे आहे. धावपट्टी निकामी करा, पण टर्मिनल आणि इतर सोयींना धक्का लागू देऊ नका, असा हवाई दलाला स्पष्ट हुकूम होता. 18 डिसेंबर 1961 रोजी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली 12 कॅनबेरा विमानांनी काही मिनिटांत 63,000 पौंड, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावीस टन, बॉम्ब टाकले. पाठोपाठ विंग कमांडर सुरिंदर सिंग यांची 8 कॅनबेरा आली. दोन्ही हल्ल्यांत इमारती शाबूत राहिल्या. बांबोळीचे बिनतारी केंद्र 6 हंटर विमानांनी रॉकेट आणि तोफांनी मोडले.

यापुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. दाबोळीवर दोन प्रवासी विमाने उभी होती : पोर्तुगालच्या टीएपी कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन आणि गोव्यातल्या टीएआयपी कंपनीचे डग्लस बनावटीचे विमान. संध्याकाळी विमानतळाच्या कामगारांनी धावपट्टीचा काही भाग घाईने सावरला आणि रात्री पोर्तुगीज अधिकाऱ्यांची कुटुंबे घेऊन दोन्ही विमाने अगदी कमी उंचीवरून कराचीला निसटली. सुपर कॉन्स्टेलेशनने जादा खुर्च्या आणि सामान काढून टाकले आणि अवघ्या 700 मीटरमध्ये उड्डाण केले. पट्टीवरच्या दगडमातीने त्याच्या अंगाला 25 भोके पडली, एक टायरही गेला.

म्हणून बॉम्बफेक फसली असे कोणी म्हणू नये. धावपट्टी बंद झाली की नाही, हे खड्डे मोजून कळत नाही. सलग किती पट्टी उरली ते पाहावे लागते. भार उतरवलेल्या विमानाला थोडी पट्टी पुरते. खड्ड्यांत दगडमाती भरून दाबली की काही तासांत तेवढी तयार होते. ती बंदच ठेवायची तर पुन्हापुन्हा मारा हवा आणि रात्री पहारा हवा. उद्या आपल्यालाच वापरायचा विमानतळ राखून मारायचा, तर एवढी फट राहणारच. तो संयम मला अभिमानाचा वाटतो, आणि तो ‘उद्ध्वस्त’ या एका शब्दात पुसला जातो.

बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात एक सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे. ते कराचीला गेलेले विमान नव्हे. ते एअर इंडियाचे, नंतर हवाई दलाचे आणि शेवटी नौदलाचे. शाळांच्या सहली तिथे नेणाऱ्या शिक्षकांनी हा फरक मुलांना जरूर सांगावा.

संग्रहालयात धावपट्टीचा नकाशा, दोन्ही हल्ल्यांचा क्रम आणि रात्रीचे उड्डाण दाखवणारा मराठी-कोकणी फलक लावावा. त्या दिवशी वास्को, दाबोळी परिसरात जी माणसे कळती होती, ती आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. खड्डे भरणाऱ्या कामगारांपैकी कोणी हयात असेल, तर त्याची साक्ष सर्वात आधी ध्वनिमुद्रित व्हावी. गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम याच वर्षी हाती घ्यावे.

आपला,
एक वाचक, वेंगुर्ले